डच चांदीची जन्मपत्रिका

जुन्या चांदीच्या चमच्याची खरी बाजू म्हणजे त्याची पाठ. दर्शनी बाजूस कोरलेली फुले, दांड्याच्या टोकावरची नाजूक मूर्ती, एखाद्या घराण्याची मुद्रा, हे सारे पाहुण्यासाठी असते. हॉलंडमधील जुन्या वस्तूंचा व्यापारी मात्र चमचा हाती येताच तो उलटा करतो, डोळ्यास भिंग लावतो आणि दांडा जेथे वाटीस मिळतो त्या जागी नजर रोखतो. तेथे तांदळाच्या दाण्याएवढे, कधी त्याहूनही बारीक असे तीनचार ठसे असतात. एखादा सिंह, एखादे मुकुटाखालचे चिन्ह, एक अक्षर, आणि कारागिराच्या नावाची आद्याक्षरे. ज्याला हे ठसे वाचता येतात त्याच्यापाशी त्या चमच्याची जन्मपत्रिकाच असते. तो कोणत्या गावी घडला, कोणत्या साली, कोणाच्या हातून, आणि त्यात चांदी किती व हीण किती, हे सारे त्याला कळते.

असे ठसे मुळात लागावेतच का, हा पहिला प्रश्न. शुद्ध चांदी मऊ असते. तिचा चमचा केला तर तो वाकेल, पेला केला तर त्यास खळगे पडतील. म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळावे लागते. परंतु एकदा तांबे मिसळण्याची मुभा दिली की ते किती मिसळले हे डोळ्यांस कळत नाही. दहा भाग चांदी व दोन भाग तांबे असलेले भांडे आणि आठ भाग चांदी व चार भाग तांबे असलेले भांडे शेजारी ठेवले, तर घासूनपुसून दोन्ही सारखीच चमकतात. मराठीत ‘हिणकस’ हा शब्द आज आपण माणसांच्या स्वभावालाही लावतो. त्याचे मूळ या सराफकट्ट्यावरच्या संशयात आहे. ज्या वस्तूचा कस हिणामुळे उतरला ती हिणकस. ग्राहकाला तो कस स्वतः पाहता येत नाही आणि विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे, तेव्हा दोघांच्या मध्ये तिसरा कोणी तरी जामीन हवा. युरोपात हा जामीन प्रथम कारागिरांच्या संघाने आणि पुढे राज्याने दिला. लंडनमध्ये १४७८ पासून ही परीक्षा सोनारांच्या संघाच्या सभागृहात, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये होऊ लागली आणि त्या सभागृहावरूनच ‘हॉलमार्क’ हा शब्द निघाला. आज आपल्याकडील सराफी दुकानांच्या पाट्यांवर तो सर्रास दिसतो. पण त्यातील ‘हॉल’ म्हणजे काय, हे विचारणारा ग्राहक विरळा.

परीक्षेची जुनी रीत मोठी गमतीची आहे. परीक्षक भांड्याच्या तळाशी, सहज न दिसणाऱ्या जागी, टोकदार हत्याराने नागमोडी रेघ ओढीत चांदीचा बारीक कीस काढी. तो कीस तोलून शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या लहानशा वाटीत तापवला जाई. शिसे आणि तांबे जळून त्या राखेत मुरत आणि वाटीत निव्वळ चांदीचा मणी उरे. आधीचे वजन व नंतरचे वजन यांतील फरक म्हणजे हीण. ओढलेली ती नागमोडी रेघ मात्र भांड्यावर कायमची राही. सतराव्या-अठराव्या शतकातील डच भांडे उलटे केले असता ठशांजवळ अशी करवतीच्या दातांसारखी रेघ दिसली, तर नवख्याला ती कोणी केलेली इजा वाटते आणि तो ती घासून काढू पाहतो. जाणकाराला मात्र ती पाहून समाधान वाटते, कारण परीक्षा झाल्याची ती खूण असते. खोटे ठसे मारणारे पुष्कळ असतात. खोटी रेघ ओढण्याचे अनेकांना सुचत नाही.

शुद्धतेचे डच माप समजून घेतल्याखेरीज पुढचे आकडे विचित्र वाटतील. आपल्याकडे जसे चोख सोन्याला बावनकशी म्हणत, तसे हॉलंडात चोख चांदी बारा पेनिंगांची मानीत, आणि एका पेनिंगाचे चोवीस ग्रेन धरीत. म्हणजे शुद्ध चांदीचे एकूण २८८ भाग झाले. उत्तम प्रतीच्या भांड्यासाठी अकरा पेनिंग पाच ग्रेन, म्हणजे २८८ पैकी २६९ भाग चांदी लागे. त्याचा हिशेब केला की हजारात ९३४ हा आकडा येतो. दुय्यम प्रतीसाठी दहा पेनिंग पुरत, म्हणजे बारांत दहा, अर्थात् हजारात ८३३. हे ९३४ आणि ८३३ डच चांदीच्या इतिहासात तीनशे वर्षे टिकले. राजे बदलले, प्रजासत्ताके आली नि गेली, फ्रेंचांनी देश गिळला आणि पुन्हा सोडला, दशमान पद्धती आली, तरी पेनिंग-ग्रेनांतले ते जुने प्रमाण हजारांच्या वेषात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत राहिले. इंग्रजांच्या चांदीचे प्रमाण हजारात ९२५. म्हणून ८३३ चे डच भांडे हाती आलेला इंग्रज ग्राहक नाक मुरडतो. परंतु हे प्रमाण त्या देशात कायद्याने मान्य होते आणि उघड ठशाने जाहीर केलेले होते. त्यात फसवणूक कसलीच नाही.

आता ठशांकडे वळू. १७९८ पूर्वी आणि १८१४ नंतर असे दोन कालखंड ध्यानात ठेवले की निम्मे काम होते. पहिल्या कालखंडात शहरा-शहरातील कारागिरांचे संघ, म्हणजे गिल्ड, हे काम पाहत. प्राचीन भारतातील ‘श्रेणी’ जशा, तसेच हे संघ. उमेदवाराची परीक्षा घेणे, मालाची प्रत राखणे, विधवांची सोय लावणे, सारे त्यांच्याकडे. सोळाव्या शतकाच्या आरंभी, हे प्रांत हाब्सबुर्ग राजपुत्र फिलिपच्या सत्तेखाली असताना, चांदीच्या वस्तूवर कारागिराचा, शहराचा आणि वर्षाचा असे तीन ठसे असावेत अशी शिस्त लागली. कारागिराने आपला ठसा संघाच्या कचेरीतील तांब्याच्या पत्र्यावर उमटवून ठेवायचा, म्हणजे पुढे तक्रार आली तर कोणाचा माल हे सांगता येई. काही शहरांचे असे पत्रे संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. त्यांवर शेकडो चिमुकली चिन्हे दाटीवाटीने उमटलेली आहेत. आरंभीच्या काळात ती बहुधा चित्रेच असत, चाक, फूल, पक्षी, घरावरची खूण. लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्राहकालाही ओळखता यावे, हा त्यातील हेतू. नावाच्या आद्याक्षरांचा प्रघात पुढे वाढला.

शहरांचे ठसे बहुधा त्या शहराच्या मुद्रेवरून घेतलेले असत आणि ते ओळखण्यात खरी मौज आहे. ॲम्स्टरडॅमचा ठसा म्हणजे एकाखाली एक असे तीन तिरके क्रूस आणि वर मुकुट. हा मुकुट साम्राज्याचा आहे. १४८९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने शहराला तो आपल्या मुद्रेत मिरवण्याची परवानगी दिली, आणि पुढे डचांनी त्या घराण्याची सत्ता झुगारली तरी मुकुट काही टाकला नाही! हेगचा ठसा म्हणजे चोचीत ईल मासा धरलेला करकोचा. लायडेनच्या ठशात सेंट पीटरच्या एकमेकांवरून गेलेल्या दोन किल्ल्या. हार्लेमच्या ठशात उभी तलवार आणि भोवती चांदण्या. डेल्फ्टच्या ढालीवर मधोमध उभा पट्टा आहे, तो म्हणजे ज्या कालव्यावरून त्या गावाला नाव मिळाले तो कालवा. यूट्रेक्टची ढाल तिरकी दुभंगलेली. हा एवढा भूगोल पाठ असला की ठसा झिजून अर्धाच उरला तरी गाव ओळखता येते. करकोच्याचा नुसता एक पाय दिसला तरी तो हेगचाच.

वर्षाचा ठसा म्हणजे एक अक्षर. दर वर्षी संघाचे नवे परीक्षक निवडले जात आणि त्यांच्या कारकिर्दीसाठी वर्णमालेतील पुढचे अक्षर घेतले जाई. वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून, पण अक्षराचे वळण किंवा त्याभोवतीची चौकट बदलून. या अक्षराचा मूळ हेतू पुढच्या पिढ्यांतील संग्राहकांची सोय लावणे हा मुळीच नव्हता. कोणत्या परीक्षकाच्या वेळी हिणकस माल सुटला, हे शोधून काढण्याची ती युक्ती होती. तारीख आपल्याला मिळते ती जणू वरकड. यात एक फसवी गोष्ट अशी की दर शहराची अक्षरमाला स्वतंत्र होती. ॲम्स्टरडॅमचे एखादे अक्षर आणि हार्लेमचे तेच अक्षर यांचे साल एक असेल असे मुळीच नाही. म्हणून आधी शहर निश्चित करायचे आणि मगच अक्षराकडे जायचे. जो हा क्रम उलटा करतो तो हमखास चुकतो. शिवाय परीक्षकांचे वर्ष एक जानेवारीला सुरू होत नसे. त्यामुळे एका अक्षरात दोन इसवी सनांचे तुकडे येतात, आणि काळजीपूर्वक लिहिणारे विद्वान ‘१६५५-५६’ असे जोडसाल देतात ते यामुळेच.

१६६३ मध्ये हॉलंड प्रांताने आणखी एक ठसा घातला. ९३४ च्या उत्तम चांदीवर प्रांताचा मुकुटधारी सिंह, मागल्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला. तेव्हापासून हॉलंड प्रांतातील भांड्यावर सिंह, शहर, अक्षर व कारागीर असे चार ठसे एकत्र आढळले, तर प्रत उत्तम असे समजावे. सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि अठरावे शतक या काळातले चांगले डच काम ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण होय.

पण ठसे हे काही कलेचे प्रमाणपत्र नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. यूट्रेक्टच्या ॲडम व्हान व्हिआनेन या कारागिराने १६१४ मध्ये घडवलेली एक सुरई आज ॲम्स्टरडॅमच्या राईक्स म्युझियममध्ये आहे. त्याचा भाऊ पाउलुस प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फच्या दरबारी होता आणि १६१३ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ ॲम्स्टरडॅमच्या सोनारसंघाने ती करवून घेतली. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेले ते भांडे पाहिले की धातू वितळून पाण्यासारखा वाहत असतानाच कोणी तरी त्याला थांबवले असे वाटते. कोठे लाट, कोठे कानाची पाळ, कोठे वाकलेली आकृती, आणि काय कोठे संपते याचा पत्ताच लागत नाही. दुसरा एक थोर कारागीर योहानेस लुटमा. त्याचे चित्र १६५६ मध्ये खुद्द रेम्ब्रांने ताम्रपटावर कोरले. अशांच्या कामाला ठशाची गरज नाही असे कोणी म्हणेल. परंतु त्यांच्या शैलीची नक्कल पुढे इतकी झाली की मूळ कोणते नि नक्कल कोणती हे सांगताना ठशाची मदत घ्यावीच लागते.

एवढी चांदी या चिमुकल्या देशात आली कोठून? तिच्या खाणी तेथे नाहीत. ती आली दक्षिण व मध्य अमेरिकेतील स्पॅनिश खाणींतून, व्यापारातून, आणि क्वचित सरळ लुटीतून. १६२८ मध्ये पीट हाइन या डच दर्यासारंगाने क्यूबातील मातान्सासच्या उपसागरात स्पेनचा चांदी वाहून नेणारा तांडाच पकडला. त्या लुटीची किंमत एक कोटी गिल्डरहून अधिक भरली. या चांदीतील फार थोडी हॉलंडात भांडी होऊन राहिली. बराच मोठा वाटा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी पूर्वेकडे नेला, कारण सुती कापड, मसाले आणि नीळ विकत घेण्यासाठी देण्याजोगा दुसरा माल युरोपियनांपाशी जवळजवळ नव्हता. सुरतेस उतरलेली चांदी टांकसाळीत जाऊन तिचे रुपये पडत. कोकणात वेंगुर्ल्यासही सतराव्या शतकात डचांची वखार होती आणि तिचे अवशेष आजही तेथे दाखवितात. एकाच खाणीतील चांदीचा एक तुकडा ॲम्स्टरडॅमच्या सावकाराच्या मेजावर सुरई होऊन बसावा आणि दुसरा रुपया होऊन कोकणातल्या बाजारात फिरावा, असे त्या काळी सहज घडू शकत होते. पहिल्याचा वंशवृक्ष ठशांमुळे आज सांगता येतो, दुसऱ्याचा मात्र आटणीत केव्हाच हरवला.

१७९५ मध्ये फ्रेंच सैन्य हॉलंडात शिरले आणि त्या वर्षीच्या तहाने दहा कोटी गिल्डरांची खंडणी देशावर बसली. १७९८ मध्ये संघ रद्द झाले. त्यानंतरची दीड दशके मोठ्या गोंधळाची. नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा झाला, त्याने आपले ठसे आणले. मग नेपोलियनने देशच फ्रान्सला जोडला आणि फ्रेंच ठसे आले. ते दोन वर्षेही पुरते टिकले नाहीत. या काळातील वस्तू थोड्या आहेत आणि त्यांचे वाचन तज्ज्ञांवरच सोपवलेले बरे.

१८१४ पासून जी पद्धत बसली तीच आज बाजारात सर्वांत अधिक दिसते, कारण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात पुष्कळ माल निघाला. या पद्धतीत शहरांचे क्रूस-करकोचे गेले. ९३४ च्या चांदीवर उभा सिंह आणि सोबत १ हा आकडा. ८३३ वर चालता सिंह आणि २ हा आकडा. परीक्षा कोणत्या सरकारी कचेरीत झाली हे सांगण्यासाठी शिरस्त्राण घातलेल्या मिनर्वा देवीचे मस्तक, आणि त्या शिरस्त्राणात कचेरीचे एक बारीक अक्षर. त्याखेरीज वर्षाक्षर आणि कारागिराचा ठसा. वर्षाक्षर आता साऱ्या देशाला एकच झाले, ही मोठीच सोय. वर्णमालेतील आय आणि जे यांपैकी एकच अक्षर धरल्यामुळे पंचवीस अक्षरांची माळ होते आणि दर पंचवीस वर्षांनी ए पुन्हा येते: १८३५, १८६०, १८८५, १९१०, १९३५.

समजा, एखाद्या चमच्यावर चालता सिंह व २ चा आकडा आहे, मिनर्वा आहे आणि के हे अक्षर आहे. के हे माळेतील दहावे अक्षर. म्हणजे हा चमचा १८४४, १८६९, १८९४, १९१९ किंवा १९४४ या पाच सालांपैकी एकाचा. आता अक्षराचे वळण पाहायचे, कारण प्रत्येक माळेत ते बदलले आहे आणि छापील तक्त्याशी ते ताडून पाहता येते. अक्षर झिजले असेल तर कारागिराच्या ठशाकडे जायचे. तो ठसा १९१९ च्या एकत्रीकरणातून जन्मलेल्या व्हान केम्पेन, बेगेर आणि व्होस या कंपनीचा निघाला, तर पहिली तीन साले आपोआप गळतात. या कंपनीचा मूळ व्हान केम्पेन कारखाना १७८९ मध्ये यूट्रेक्टात सुरू होऊन १८५८ मध्ये फोर्स्कोटेन या गावी गेला. तेथे चांदीच्या वस्तू यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या. याप्रमाणे एक ठसा दुसऱ्याची साक्ष तपासतो. तिन्ही-चारी ठशांची साक्ष जुळली तरच निकाल द्यायचा. एकानेही विरोध केला तर थांबायचे.

सगळ्याच वस्तूंवर इतके ठसे नसतात, आणि नवशिक्याची निराशा येथेच होते. चहाचा चमचा, सुईदाणी, बटण, चिमुकली डबी यांवर सगळा संच मारायला जागाच नसे. अशा लहान वस्तूंवर फक्त एक छोटी तलवार उमटवीत. तलवारीवरून चांदी खरी एवढे कळते. साल कळत नाही. ॲम्स्टरडॅमची खेळण्यातली चांदी ही तर एक स्वतंत्रच सृष्टी. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायका बाहुलीघरे सजवीत आणि त्यांसाठी बोटाच्या पेराएवढ्या किटल्या, शेगड्या, मेणबत्तीची घरे चांदीत घडवून घेत. अठराव्या शतकात आर्नोल्डस व्हान गेफेनसारखे कारागीर या कामात नावाजले. त्यांच्या वस्तूंवरचे ठसे इतके सूक्ष्म की भिंगाखेरीज ते ओरखड्यांपासून वेगळे काढता येत नाहीत.

कुऱ्हाडीचा ठसा दिसला तर विशेष सावध राहावे. १८५३ ते १९२७ या काळात जुनी वस्तू पुन्हा विक्रीस आली की तिच्यावर ही चिमुकली कुऱ्हाड उमटवीत. अनेक जण तो एखाद्या कारागिराचा ठसा समजून भलत्याच पुस्तकात शोधीत बसतात. कुऱ्हाड म्हणते एवढेच की, ‘हे नवे नाही आणि तपासणीतून गेले आहे.’ संघकालीन ठशांच्या शेजारी ती आढळली तर उलट बरे, कारण एकोणिसाव्या शतकातही अधिकाऱ्यांनी ही वस्तू जुनी मानली होती असा पुरावा मिळतो. १९५३ मध्ये नवा कायदा अमलात आला तेव्हा उत्तम प्रत ९३४ वरून ९२५ झाली आणि दुय्यम ८३३ वरून ८३५. सिंह मात्र दोन्ही राहिले. म्हणून सिंह दिसला की लगेच ‘शंभर वर्षांचे’ असे म्हणू नये.

आता खोटेपणाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत जुन्या डच चांदीचे वेड लागले. पवनचक्क्या, गुत्त्यात नाचणारे शेतकरी, गलबते, असे देखावे ठोकून उठवलेल्या डब्या आणि चमचे तेथल्या दिवाणखान्यांत हवेसे झाले. मागणीइतकी जुनी चांदी नव्हती, तेव्हा नवी तयार झाली. हॉलंडातही झाली आणि जर्मनीतील हानाऊ या गावी तर जुन्या धाटणीच्या मालाचे कारखानेच उभे राहिले. त्यांनी जुन्या ठशांसारखी दिसणारी मनःपूत चिन्हे मारली: थोडा मुकुट, थोडे अक्षर, कोठल्याच शहराशी न जुळणारी ढाल. हा माल इंग्लंडात उतरला की तेथील कायद्याने त्यावर आयातीचा ठसा बसे. १८६७ पासून परदेशी मालावर एफ हे अक्षर उमटवू लागले. १९०४ पासून प्रत्येक इंग्रज कचेरीचे आयातीसाठी वेगळे चिन्ह झाले. चेस्टरचे होते ओकचे फळ आणि दोन पाने. त्यामुळे ‘सतराव्या शतकातील डच’ म्हणून दाखवलेल्या डबीच्या कडेस जर ते फळ नि पाने आढळली, तर डबी इंग्लंडात आली ती १९०४ नंतर, एवढे पक्के. ती नवीच असते असे मात्र नाही, कारण जुना मालही आयात होई. परंतु शेजारचे ‘जुने’ ठसे कोणत्याही तक्त्यात बसत नसतील, तर मग शंकेला जागा उरत नाही.

याहून धूर्त प्रकार दोन. एक म्हणजे खऱ्या वस्तूवरून साचा घेऊन ओतीव नक्कल करणे. तीत ठसाही ओतला जातो. खरा ठसा पोलादी छापणीने ठोकलेला असल्यामुळे त्याच्या कडा तीक्ष्ण आणि तळ गुळगुळीत असतो. ओतीव ठशाच्या कडा मऊ, लोण्यासारख्या, आणि तळ किंचित रवाळ. सहा चमच्यांचा संच असेल तर सहाही ठसे थोडे-थोडे वेगळ्या कोनात हवेत, कारण माणसाचा हात सहा वेळा एकाच जागी पडत नाही. सहाही तंतोतंत सारखे असले तर ते एकाच साच्याची लेकरे. दुसरा प्रकार म्हणजे स्वस्तातल्या खऱ्या जुन्या चमच्याचा ठसा असलेला तुकडा कापून मोठ्या, महागड्या, नव्या सुरईच्या तळाशी डाखाने जोडणे. ठसा खरा, चांदी खरी, आणि वस्तू खोटी! यावर जुन्या व्यापाऱ्यांचा उपाय अगदी साधा आहे. थंड भांड्यावर ठशाजवळ तोंडाची वाफ सोडायची. डाखाच्या जोडावर वाफ वेगळी बसते आणि क्षणभर एक चौकोनी रेघ दिसून विरते. तसेच भांड्याचे झाकण आणि अंग यांवरचे ठसे ताडून पाहावेत. झाकण एका सालचे व भांडे दुसऱ्या सालचे असले, तर कोणी तरी मध्येच सोयरीक जमवलेली असते.

ठसे वाचण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांत एलियास व्हुट याचे नाव पहिले. ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांच्या ठशांवरचा त्याचा ग्रंथ १९१२ मध्ये निघाला आणि पुढे हार्लेम, हेग, फ्रीसलंड यांवरही त्याने काम केले. १९७५ मध्ये सिट्रोएन याने ॲम्स्टरडॅमचे काम नव्याने पडताळून प्रसिद्ध केले. आज स्कोनहोफेन या गावी चांदीचे स्वतंत्र संग्रहालय आहे; तेथे हा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. ठसे मारण्याचे कामही थांबलेले नाही. हौडा आणि याउरे येथील दोन मान्यताप्राप्त संस्था ते करतात.

या विद्येचा एक उपयोग तिच्या जनकांच्या मनातही नव्हता. जर्मनांनी हॉलंड व्यापल्यावर २१ मे १९४२ च्या हुकुमाने तेथील ज्यू नागरिकांना आपले सोने, चांदी, जडजवाहीर आणि कलावस्तू ॲम्स्टरडॅममधील एका ठरावीक कचेरीत नेऊन द्याव्या लागल्या. लिपमान-रोझेन्थाल या प्रतिष्ठित ज्यू पेढीचे नाव त्या कचेरीला मुद्दाम देण्यात आले होते, जेणेकरून लोकांचा विश्वास बसावा. माणशी चार जेवणाच्या चांदीच्या वस्तू, लग्नाची अंगठी आणि स्वतःचे चांदीचे घड्याळ एवढेच ठेवण्याची मुभा. बाकीचे विकले गेले किंवा आटवले गेले. जे आटवण्यातून वाचले ते कोठेकोठे विखुरले. अशी एखादी वस्तू आज संग्रहालयात किंवा लिलावात सापडली आणि एखाद्या कुटुंबाच्या जुन्या यादीत ‘चांदीचा कप, ॲम्स्टरडॅम, अमुक साल’ एवढीच ओळ असली, तर ती वस्तू हीच की काय हे ठरवताना ठसेच प्रथम बोलतात. पण येथेच त्यांची मर्यादाही दिसते. ठसा वस्तूचे गाव आणि साल सांगतो. ती कोणाच्या घरात होती हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी कोरलेली आद्याक्षरे, लग्नाची तारीख, जेरुसलेमचे नाव, एखादी हिब्रू ओळ यांचा आधार घ्यावा लागतो. हॉलंडात अशा दाव्यांचा विचार करण्यासाठी या शतकाच्या आरंभी एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली. त्यामुळे जुन्या भांड्यावरचे अनोळखी नाव ‘शोभत नाही’ म्हणून घासून टाकणारा मालक, नकळत, कोणाच्या तरी आजोबांचा शेवटचा पुरावा घासून टाकीत असतो.

घासण्यावरून आठवण होते ती आपल्या घरांतील रीतीची. चांदीची भांडी रांगोळीने किंवा राखेने लख्ख घासण्याची पद्धत अनेक मराठी घरांत आहे. देवघरातल्या रोजच्या निरांजनाला ती चालते. परंतु पणजोबांनी कोठून तरी आणलेला, पाठीवर कसलेसे चिन्ह असलेला परदेशी चमचा कपाटात असेल, तर त्याला रांगोळी लावू नये. रांगोळीचा कण चांदीहून कठीण असतो आणि ठशाची तीक्ष्ण कड दर घासणीत थोडी-थोडी बोथटते. मऊ कपडा आणि कोमट साबणाचे पाणी पुरे. तळाशी उरलेला काळा थर ठशाच्या खोलगटात तसाच राहू द्यावा. अक्षर त्यामुळेच उठून दिसते. मग खिडकीशी जाऊन चमचा तिरका धरावा, भिंग लावावे आणि प्रथम सिंह उभा आहे की चालतो आहे, ते पाहावे.